कुणालाच न दिसणारं वाक्य

आमच्या वहिनीला मी फूटपट्टी म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे बोलायची मला सवय नाही. तिला राग येत नाही. ती माझ्या शिवणाच्या टेबलावरची कात्री हळूच सरळ करून ठेवते आणि निघून जाते. म्हणजे चिडायचं कामही पुन्हा माझ्याच गळ्यात.

तिला वाकडं म्हणून काही बघवत नाही. चपला जोडीनं, डबे उंचीप्रमाणे, दोरीवरचे कपडे लहानापासून मोठ्यापर्यंत. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. आठवड्यातून एखादा दिवस घरी टेकतो. तो म्हणतो, "मी दारात फार वेळ उभा राहत नाही. नाहीतर ही माझीच घडी घालून कपाटात ठेवायची." आणि मी माहेरीच राहिलेली नणंद, मशीनवर दिवसभर कपडे शिवणारी, चिंध्यांच्या ढिगात बसणारी. आमचं दोघींचं कसं जमतं म्हणून बायका विचारतात. जमतं. ती माझ्या चिंध्यांना हात लावत नाही आणि मी तिच्या डब्यांना. एवढा तह पुरतो.

पण आज सांगायचंय ते तिच्या कामाचं. त्या एका दुपारी तिच्याच कामानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं आणि तिच्याच कामानं आमचा जीव भांड्यात पाडला. आता हसून सांगते, तेव्हा हसत नव्हते.

वहिनी एका बोलक्या वाचनालयात सर्व्हर सांभाळते. बोलकं वाचनालय म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीचं. आमचे बाबा तिथलेच एक श्रोते. बाबांची नजर हळूहळू गेली, आधी कडा गेल्या, मग मधलं. आयुष्यभर कारखान्यात लेथवर लोखंड कातलेला माणूस. मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. नजर गेली, कान तसेच राहिले, आणि हट्ट दुप्पट झाला.

सुरुवातीला वहिनी त्यांना रोज पेपर वाचून दाखवायची. मग वाचनालयानं डबा दिला. अर्ध्या विटेएवढा, काळा, वर एकच मोठं बटण, आत सिमकार्ड. बटण दाबलं की डबा वाचनालयाच्या सर्व्हरकडून त्या दिवसाचा मजकूर मागून आणतो आणि यंत्राच्या आवाजात वाचून दाखवतो. बातम्या, हवामान, एखाद्या गोष्टीचं प्रकरण. बाबांनी पहिल्या दिवशी तो कानाशी हलवून बघितला आणि निकाल दिला, "आतून पोकळ आहे, पण आवाज प्रामाणिक आहे." त्या दिवसापासून डबा त्यांचा सोबती झाला. इमारतीखालच्या बाकावर जाताना कापडी पिशवीत डबा, हातात काठी. मोबाइल मात्र नको. "एका माणसापाशी बोलणारी दोन यंत्रं कशाला?"

आता गंमत अशी, की तो डबा बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. डबे चालतात, पण त्यांना नवीन काही शिकवता येत नाही. आणि गेल्या वर्षी वाचनालयानं ठरवलं की जुनी वेबसाइट सोडून नवीन नावानं, नवीन सर्व्हरवर जायचं, आणि सगळं सुरक्षित करायचं.

मी विचारलं, "सुरक्षित म्हणजे?"

वहिनी कणीक मळत होती. म्हणाली, "ताई, वेबसाइटला दोन दारं असतात असं समजा. एक साधं, एक कुलपाचं. साध्या दारानं जे जातं-येतं ते वाटेत कुणीही वाचू शकतं. कुलपाच्या दारानं गेलं तर नाही. आता लोक साध्या दारावर आले की ब्राउझर लाल अक्षरात 'असुरक्षित' म्हणून ओरडतो. श्रोत्यांच्या घरची माणसं घाबरतात."

"मग साधं दार बंद करून टाक."

"तसं करून कसं चालेल? जुना पत्ता लोकांच्या तोंडात बसलाय. जो साध्या दारावर येईल त्याला तिथूनच सांगायचं, बाबा रे, तिकडे कुलपाच्या दाराकडे जा. जो जुन्या कुलपाच्या दारावर येईल त्यालाही नवीन घराकडे पाठवायचं. म्हणजे जुन्या दाराचं कुलूपसुद्धा चालू ठेवावं लागतं. नाहीतर तो दारातच घाबरून परत जायचा. याला रीडायरेक्ट म्हणतात."

"आणि दोघांनी एकमेकांकडेच पाठवलं तर?"

ती हसली. "तसंही होतं. साधं म्हणतं कुलपाकडे जा, कुलूप म्हणतं साध्याकडे जा. ब्राउझर बिचारा फिरून फिरून दमतो आणि हात टेकतो."

"हां, म्हणजे कचेरीत खिडक्या बदलत फिरवतात तसं." हे मला लगेच कळलं.

डब्यांची मात्र तिला काळजी होती. डब्यांना कुलपाचं दार उघडता येत नाही. त्यांच्यात ती अक्कलच घातलेली नाही. 'तिकडे जा' म्हटलेलंही त्यांना कळत नाही. साध्या दारावर जायचं, हातात जो मजकूर पडेल तो घ्यायचा आणि वाचायचा, एवढंच त्यांना येतं. म्हणून तिनं डब्यांसाठी एक वेगळा नियम लिहिला: डब्यानं मागितलं तर त्याला कुठेही पाठवू नका, इथेच मजकूर द्या. रोजच्या मजकुरात तसं गुपित काही नसतं, तेव्हा हरकत नव्हती. आठवडाभर तात्पुरते रीडायरेक्ट लावून तिनं सगळं तपासलं. तात्पुरतं असं का? तर 'कायमचं' म्हणून एकदा सांगितलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारायलाही येत नाही. चूक असली तर चुकीच्याच वाटेनं जात राहतो. म्हणून आधी तात्पुरतं, नीट चाललं की कायमचं. शिवणात आम्ही आधी कच्चे टाके घालतो, अगदी तसं.

आणि एक काम तिनं केलं, ज्यावरून ऑफिसातल्यांनी तिची यथेच्छ टर उडवली. सर्व्हर जेव्हा कुणाला 'तिकडे जा' म्हणून सांगतो, तेव्हा त्या सांगण्याबरोबर एक छोटं पानही पाठवतो. 'हे पान हलवलं आहे' अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य असतं त्यावर. ते कुणाला म्हणजे कुणालाच दिसत नाही. दिसायच्या आधीच ब्राउझर पुढे गेलेला असतो. वहिनीनं ते वाक्य मराठीत लिहिलं. 'आपण मागितलेला मजकूर येथून कायमचा दुसरीकडे नेला आहे. आपल्याला त्रास झाला, क्षमा करावी.'

तिच्या टेबलाशेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली म्हणे, "अगं, कोण वाचणार ते?"

"कुणी नाही वाचणार. म्हणून काय गबाळं ठेवायचं?"

मी घरी हे ऐकलं तेव्हा हसले नाही. मीही आतलं अस्तर सरळ टाक्यानं शिवते. तेही कुणी बघत नाही.

तर तो दिवस. सकाळीच घरात ठिणगी पडली. फूटपट्टीबाईंनी बाबांच्या खोलीतलं फडताळ आवरलं होतं. औषधं एका रांगेत, चष्म्यांची जुनी घरं एका रांगेत, आणि डबा उचलून कडेला, काटकोनात. बाबांचा हात रोजच्या जागी गेला आणि रिकाम्या फळीवर आपटला.

"डबा कुठाय माझा?"

"तिथेच आहे बाबा, फक्त जरा डावीकडे सरकवलाय. छान दिसतंय आता."

"कुणाला?" बाबा म्हणाले.

वहिनीचा चेहरा उतरला.

"सूनबाई, जागेवरची वस्तू हलवू नये. डोळस माणसाच्या घरात नीटनेटकेपणा शोभेचा असतो. माझ्या घरात वस्तूची जागा म्हणजेच माझे डोळे." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

तिला उशीर होत होता. ती "चुकलं बाबा" म्हणाली खरी, पण चपला घालता घालता. ते त्यांना पोचलं नाही आणि ती गेली. त्या दिवशी तिला तात्पुरतं काढून कायमचं लावायचं होतं.

दुपारी जेवणं झाली. मी मशीनवर बसले. बाबांच्या खोलीतून डब्याचा आवाज आला.

"आपण मागितलेला मजकूर येथून कायमचा दुसरीकडे नेला आहे. आपल्याला त्रास झाला, क्षमा करावी."

परत बटण. परत तेच. परत बटण. परत तेच. बाबा यंत्राला सोडणारे नव्हेत. डबा हलवून झाला, उलटा करून झाला, बूड थोपटून झालं. डबा आपला दर वेळी तितक्याच अदबीनं क्षमा मागतोय. मला तर हसूच आवरेना.

"बाबा, तक्रारीच्या नंबरवर फोन लावून देऊ का?"

"नको!" एकदम जोरात. मग आवाज खाली आणून, "नको. तक्रारीची नोंद होते तिकडे. सर्व्हर कुणाचा, तर आपल्या हिचा. उगाच तिच्या नावावर लागायचं."

"मग तिलाच लावू?"

"कामात असेल. मी आपला खाली बाकावर बसतो."

काठी, टोपी, पिशवीत डबा. रोजचंच होतं. मी मान डोलावली आणि ब्लाउजला बाही जोडत बसले.

चहाच्या वेळेला खाली हाक मारायला गेले, तर बाक रिकामा. वॉचमन म्हणाला, "आजोबा ना? बसस्टॉपकडे गेले की. सुनेच्या ऑफिसात जातो म्हणाले. तिला कानात काहीतरी सांगायचंय म्हणाले."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"मी म्हटलं सोडायला येतो. तर म्हणाले, रस्ता मला पाठ आहे, तू तुझं फाटक सांभाळ."

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बिचाऱ्याची चूक नव्हती. वाचनालयाचा रस्ता बाबांना खरंच पाठ होता; वहिनीबरोबर कितीदा गेलेले. पण तो रस्ता महिन्यापासून खणलेला. पाइप टाकायचे म्हणून नुसते चर मारून ठेवलेत. बसस्टॉप पुढच्या कोपऱ्यावर नेलाय, बसगाड्या मागच्या गल्लीनं वळवल्यात, आणि तसा चांगला मोठा, पिवळाधमक फलक लावलाय. डोळ्यांना दिसणारा.

पळत सुटले आणि पळता पळता वहिनीला फोन लावला.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तिकडे आग लागलेली. दुपारपासून वाचनालयातला एकेक फोन किंचाळत होता. शहरभरातले डबे एकच वाक्य बोलत होते. कुणी विचारत होतं वाचनालय बंद पडलं का, कुणी रडत होतं. एका आजींनी तर "क्षमा कसली मागता, आधी माझं गोष्टीचं प्रकरण परत करा" म्हणून ठणकावलं. मॅनेजरबाई वहिनीच्या खुर्चीमागे उभ्या. आणि वहिनीला तिची चूक सापडली होती.

चूक काय, तर जित्याची खोड! नियम सर्व्हर वरून खाली वाचतो. पहिला लागू पडणारा सापडला की बाकीचे वाचतच नाही. तिनं मुळात डब्यांचा नियम सगळ्यात वर लिहिला होता आणि तो खऱ्या डब्यावर तपासलाही होता. पण त्या दिवशी 'कायमचं' करण्यापूर्वी तिनं ती नियमांची फाइल उघडली, आणि तिच्या डोळ्यांना काय खुपलं, तर ती वरची लांबलचक, वेडीवाकडी ओळ. खाली आखूड, सुबक ओळी. झालं. बाईंनी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळी लावल्या. दोरीवरचे कपडे जणू. 'सगळ्यांना कुलपाच्या दाराकडे पाठवा' ही आखूड ओळ वर गेली, डब्यांची ओळ तळाला गेली. नंतर तिनं संगणकावर बघितलं, मोबाइलवर बघितलं, सगळं झकास. डब्याचं बटण दाबून बघायचं तेवढं राहिलं. करायला गेली नीटनेटकं आणि झालं भलतंच.

ती ती ओळ परत वर नेणारच होती, तेवढ्यात माझा फोन.

"वहिनी, बाबा घरात नाहीत. तुझ्याकडे यायला निघालेत, एकटे. खणलेल्या रस्त्यानं."

तिनं विचारलं, "डबा बरोबर आहे?"

"आहे. डब्याचं काय घेऊन बसलीस? मी काय सांगतेय तुला!"

"ताई, नीट आठवा. पिशवीत डबा आहे?"

"हो गं बाई, आहे! मघापासून तुझं ते क्षमा करावी ऐकत बसले होते. रस्त्यातही बटण दाबतच असतील, तुला माहीत नाहीत का ते?"

"माहीत आहेत," ती म्हणाली. "तुम्ही स्टॉपकडे बघा. मी फोन मोकळा ठेवते."

फोन कट! मी स्टॉपच्या फलकाखाली उभी, घामानं थबथबलेली, आणि मनात म्हटलं, हिला माणसापेक्षा डब्याची पडलीय. तेव्हा तिचा मला इतका संताप आला, इतका संताप आला, की समोर असती तर कात्री, फूटपट्टी जे हाती लागेल ते फेकून मारलं असतं.

तिकडे मॅनेजरबाई म्हणत होत्या, "आधी दुरुस्त करा, एका ओळीचं तर काम आहे."

वहिनी म्हणाली, "मॅडम, आत्ता दुरुस्त केलं तर डबे बातम्या वाचायला लागतील. आत्ता, या घडीला, ते माझं वाक्य वाचतायत. मला ते वाक्य बदलू द्या."

रोजचा मजकूर दुसऱ्या विभागातून तयार होऊन येतो, तो हिच्या हातात नाही. पण ते कुणालाच न दिसणारं वाक्य हिचं स्वतःचं होतं. मॅनेजरबाईंना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी स्वतः जाऊन एक वाजणारा फोन घेतला.

वहिनीनं टाइप केलं. आयुष्यात पहिल्यांदा न आखता, न मोजता.

'बाबा, मी तुमची सून बोलतेय. आहात तिथेच थांबा. एक पाऊलही टाकू नका. जवळ कुणी असेल त्याला हा डबा ऐकवा. ऐकणाऱ्या भल्या माणसा, माझ्या बाबांना दिसत नाही. त्यांचा हात धर आणि मला फोन कर.' पुढे तिचा नंबर, एकेक आकडा सुटा.

आता हे डबे काय एकट्या बाबांकडे होते? शहरात ज्यानं ज्यानं बटण दाबलं त्याला त्याला हेच ऐकू आलं. आणि फोन सुरू झाले. पहिला फोन एका आजोबांचा: "थांबलोय गं पोरी. पलंगावरच आहे. किती वेळ थांबू?" दुसरा एका आजींचा: "माझ्या मुलाचं लग्नच झालेलं नाही, ही सून कुठून उपटली? त्यानं परस्पर काही केलंय का, खरं सांग!" तिसरे एक मास्तर, शेजाऱ्याचा हात धरूनच बोलत होते, कारण डब्यानं धरायला सांगितलं होतं. प्रत्येक फोन वहिनी झडप घालून उचलायची आणि प्रत्येक वेळी दुसरेच बाबा. ती प्रत्येकाला म्हणाली, "तुम्ही नाही हो, आमचे बाबा. फोन ठेवा, लाइन मोकळी हवीय." आणि प्रत्येक जण ठेवताना म्हणाला, सापडले की कळव हं.

मग एक दणदणीत, रस्त्यावरचा आवाज आला. "हॅलो, इथे एक आजोबा आहेत. त्यांचा डबा मला भला माणूस म्हणतोय आणि तुम्हाला फोन करायला सांगतोय. तर केला."

तो पंक्चर काढणारा होता. त्याचं दुकान खणलेल्या रस्त्याच्या पार टोकाला. वहिनीनं मला पत्ता कळवला आणि मी पोचले, तेव्हा आमचे बाबा टायरच्या ढिगावर ऐटीत बसून, हातात चहा घेऊन, त्या माणसाला सांगत होते, "तुझ्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग गेलंय. आठवडा काढेल फार तर."

मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. भर रस्त्यात, टायरवाल्यासमोर. त्यानं मलाही चहा दिला. भला माणूस तो भला माणूसच.

मग त्यानं मला बाजूला नेऊन दाखवलं. दुकानासमोर चर होता. पुरुषभर खोल, तळाला पाइप, वर ना दोरी ना कठडा. "आजोबा सरळ तिकडेच चालले होते," तो म्हणाला. "मी आत टायर फुगवत होतो. बघितलं तेव्हा मी ओरडलो असतो तरी कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकू गेलं नसतं. पण ते आपले आपणच थांबले. डबा कानाला लावून, खांबासारखे. पळत जाऊन हात धरला तर मला म्हणतात, हे तुझ्यासाठी आहे, ऐक."

मी त्या चराकडे पुन्हा बघितलं नाही.

"बाबा, बटण का दाबलंत हो तिथे?"

बाबा म्हणाले, "रस्त्याचा आवाज बंद झाला गं. एक मशीन तेवढं घरघरत होतं, पण गाड्या नाहीत, माणसं नाहीत. मला कळेना मी कुठे आलो. भीती वाटली. भीती वाटली की मी बटण दाबतो. तो कोरडा आवाज का होईना, कुणीतरी बोलतं." चहाचा घोट घेतला. "आणि ही बोलली."

तेवढ्यात वहिनी टॅक्सीतून उतरली. फोन आल्यावर तिनं आधी ती ओळ वर नेली होती, एका डब्याचं बटण दाबून बातम्या ऐकल्या होत्या आणि मग ती धावली होती. डबे काही लक्षात ठेवत नाहीत हे नशीब. पुढचं बटण दाबलं की सगळे डबे पूर्ववत. ती आली, बाबांच्या समोर उभी राहिली. बाबांची कॉलर सरळ केली, टोपी सरळ केली, आणि पुन्हा कॉलर सरळ केली. मी खाली बघितलं. आमची फूटपट्टी! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात त्या मैत्रिणीची. एक काळी, एक लाल. मला रडता रडता इतकं हसू फुटलं, की बाबा म्हणाले, "काय झालं ते मलाही सांगा."

मी सांगितलं. ते असे हसले, की चहा सांडला.

"ऑफिसात कशाला निघाला होतात बाबा?" वहिनीनं विचारलं.

"तुला कानात सांगायला. डबा बिघडलाय म्हणून. फोन केला असता तर नोंद झाली असती, आणि तुझ्या नावावर डाग लागला असता."

ती त्यांच्याजवळ टायरवरच बसली. "सकाळी तुमचा डबा हलवला बाबा, आणि ऑफिसातही तेच केलं. जागेवरची ओळ हलवली. तुमचं बोलणं चपला घालता घालता ऐकलं मी."

"ऐकलंस ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी तिला खोलीत बोलावून झाडलं आणि झाडून झाल्यावर विचारलं, "बाबा कसे आहेत?" कारण सकाळपासून फोन तेवढ्यासाठीच वाजत होते. शेवटी त्या दिवशीच्या मजकुरात, हवामानाच्या आधी, एक ओळ घालावी लागली. बाबांनी बटण दाबलं आणि डबा गंभीर आवाजात म्हणाला, "काल हरवलेले बाबा सुखरूप सापडले आहेत."

"मला माहीत आहे!" बाबा डब्यावर खेकसले.

वहिनीनं डब्यांच्या ओळीच्या डोक्यावर आता एक टीप लिहून ठेवलीय: 'ही ओळ इथून हलवू नये. वाकडी दिसली तरी.' आणि बाबांचं फडताळ तिनं पुन्हा होतं तसं केलं. कसं होतं ते तिला आठवेना, म्हणून बाबांनाच हात धरून विचारत विचारत लावलं. आता ते बघून माझ्याही डोळ्यांत खुपतं, पण मी गप्प बसते.

त्या संध्याकाळी मी काजाला टाके घालत होते. बाबांच्या खोलीत डबा चालू झाला, बंद झाला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. वहिनी दारात गेली. "काय हो बाबा? परत बिघडला की काय?"

"नाही, नाही. बातम्या येतायत नीट." बाबा बटणावर बोट फिरवत होते. "ते वाक्य आता नाही का येत? 'मी तुमची सून बोलतेय' ते?"

"काढलं बाबा मी ते."

"बरं केलंस." त्यांनी डबा जागेवर ठेवला. "चांगलं होतं. लोकांना हाक मारायला कुणी असतं की नसतं, सूनबाई. मला तिथे, त्या सुनसान रस्त्यावर, कुणीतरी बाबा म्हणून हाक मारली."

वहिनी आत गेली. त्यांच्या पलंगाशी खाली बसली असावी, कारण आवाज खालून आला.

"बाबा, मी तुमची सून बोलतेय. आहात तिथेच थांबा."

"थांबलो," बाबा म्हणाले.